तुमचा हात तुम्हाला परवडला

आप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच मला तुमच्याशी भांडायचं आहे. पितृपक्षात पान वाढते, तुमच्या आवडीची मेथी करते, हात जोडते आणि उठते. भांडण कधी काढलं नाही. आज दिवेलागणीला जपाला बसले, तर माळ बोटांत तशीच अडकून राहिली आणि मन तुमच्याशीच तंडत बसलं. देवाच्या पुढ्यात बसून बापाशी भांडायचं हे काही बरं नाही, म्हणून उठले आणि गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीतली उरलेली कोरी पानं काढली. कागद वाया घालवू नये हेही तुम्हीच शिकवलेलं. तेवढं एक बरं शिकवलंत.

तुमची नात तुम्ही पाहिली नाहीत. ती बास्केटबॉल खेळते. हौस म्हणून नाही, तोच तिचा पगार आहे. आता शहराशहरांचे संघ निघाले आहेत, त्यांना मालक असतात, मॅनेजर असतात, आणि मुलींशी एकेका हंगामाचा करार होतो. हंगाम संपला की करार संपला. पुढच्या वर्षी बोलावलं तर जायचं, नाही बोलावलं तर घरी बसायचं. तुमच्यासारखी पर्मनंट नोकरी नाही ती. हे नीट ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं भांडण यावरच आहे.

यंदा पहिल्या नंबरासाठी आपला नाशिकचा संघ आणि तो पुण्याचा, दोघांत नुसती चुरस चालली होती. या आठवड्यात आपण वर, पुढच्या आठवड्यात ते वर. ह्यांना जन्मात क्रिकेटशिवाय काही कळलं नाही, पण सकाळी चहाच्या आधी मोबाइल उघडून कोण वर आहे ते बघायचे आणि त्यावर माझा दिवस कसा जाणार ते ठरायचं. मी देवीला बोलले होते, पहिला नंबर येऊ दे, गड पायी चढून तुझी खणानारळानं ओटी भरते. शेवटचा सामना इथेच होता, आपल्या गावात, आणि दोघांचे गुण सारखे. जो जिंकेल तो पहिला. पुण्याचे लोक बस भरून आले होते. त्यांनी सुरुवातीलाच ओरडायला घेतलं, "नाशिकची द्राक्षं आंबट!" तर आपल्या बाजूनं एक बाई उभी राहून म्हणाली, "दुपारचं झोपून आलात का रे, की इथेच झोपणार?" सगळा हॉल हसला. मीही हसले. मला तुमचं मैदान आठवलं.

सातपूरला रस्त्याच्या अलीकडे तुमची कंपनी आणि पलीकडे ती दुसरी. दोघांनी खेळणारी माणसं शोधशोधून कामाला लावलेली. कळवणकडचा एक उंच पोरगा मशीनवर हात बसायच्या आधी टीममध्ये बसला, तो म्हणजे तुम्ही. पहिली पाळी सुटली की माणसं निळ्या कपड्यांतच, हातात डबा घेऊन मैदानाभोवती उभी राहायची, आणि मी तुमच्या सायकलच्या कॅरियरवर बसून बघायची. पलीकडच्या कंपनीची पाटी आली की तुम्ही सायकलवरून मान फिरवायचात. मला वाटायचं, तिथे राक्षस काम करतात. मग एकदा त्यांच्यातलाच एक जण तुमच्याकडे तंबाखू मागायला आला आणि तुम्ही अर्धी पुडी दिलीत, तेव्हा मी फार नाराज झाले होते.

त्या काळी नियम होता. ज्यानं फाऊल केला त्यानंच हात वर करायचा, म्हणजे टेबलावर बसलेल्या माणसाला नंबर लिहिता यावा. पण तुम्ही नियमाच्याही पुढे गेलात. कॉलनीत भिंतीवर सायकलची रिम ठोकून मला शिकवताना मी शेजारच्या मुलाला ढकललं आणि साळसूद चेहरा करून उभी राहिले, तर तुम्ही बॉल काखेत धरून खेळच थांबवलात. "हात कुठं हाय तुझा?" मी म्हटलं, "शिट्टी कुठे वाजली?" तुम्ही म्हणालात, "ज्याला सोताचं सोताला कळत नाय, त्याच्यासाठी शिट्टी. तुला कळलं ना? मग हात वर. कानाला दंड चिकटला पाहिजे. पंजा उघडा." मी केला. तुम्ही मला पायरीवर बसवलंत आणि अंधार पडेस्तोवर बसवून ठेवलंत. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. त्यानंतर माझा हात कधी चुकला नाही.

दसऱ्याला कंपनीत मशीनींची पूजा व्हायची आणि घरी तुम्ही तो जुना बॉल पाटावर ठेवायचात. हळदकुंकू, झेंडूचं फूल, पुढे पेढा. माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली आणि तुम्ही तो बॉल दिलात. सासरी किती दिवस हसायचे, सून आली ती चेंडू घेऊन आली म्हणून. पण मीही दरवर्षी तो पाटावर ठेवला. लेक चालायला लागली ती त्या बॉलमागे. मग बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी तिला शिकवायला लागले, आणि तुमच्या शिकवण्यातलं पहिलं काय शिकवलं असेल? कानाला दंड, पंजा उघडा. आता मला कोणी सांगितलं होतं का, की तो नियम केव्हाच गेला? मी मॅट्रिक झाले आणि चुलीपाशी लागले, मला बास्केटबॉलचे नवे नियम कोण कळवणार! मोठ्या संघात गेल्यावर तिला तिच्या कोचनं सांगितलं, "हात वर करायचा नसतो आता, पंच बघतील काय ते." ती हो म्हणायची. पण हाताला कोण सांगणार? तिचा हात आपला जातोच.

शेवटचे काही सेकंद उरले आहेत. आपण एका गुणानं पुढे. त्यांची उंच मुलगी रिंगखाली उडी घेते, आपल्या दोघी तिच्याबरोबर उडतात, एक आपली कॅप्टन आणि दुसरी माझी लेक. शिट्टी वाजते. पंचाचं बोट कॅप्टनकडे वळतं. कॅप्टनचे फाऊल थोडे होते, तिला काही फरक पडणार नव्हता. माझ्या लेकीचे मात्र चार झाले होते, पाचवा म्हणजे बाहेर. आणि मी बघते तर तिचा हात वर गेलेला. दंड कानाला चिकटलेला, पंजा उघडा. आप्पा, तुमची नक्कल करायला तुम्ही तिला कधी बघायलाही मिळाला नाहीत, आणि हुबेहूब तुम्ही उभे! पंच थांबला. त्यानं दुसऱ्या पंचाला विचारलं, तिच्याकडे बघितलं आणि बोट फिरवलं. लेक बाकावर जाऊन बसली. त्यांच्या मुलीनं दोन्ही फ्री थ्रो घातले, ते कसेही मिळालेच असते. पण मग शेवटचा बॉल आपल्याकडे आला तेव्हा तो हमखास घालणारी माझी लेक बाकावर होती. दुसरीनं टाकला, रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. पुणे पहिलं आलं.

मी घरी येताना रिक्षात तिला विचारलं, "लागला होता का गं खरंच?" ती म्हणाली, "तिच्या मनगटावर बसला माझा हात. आवाज आला मला." आणि बाहेर रस्त्याकडे बघत बसली.

नंतरचं काय सांगू! नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, पोरीला खेळायला पाठवलं होतं की कीर्तनाला? भाजीवाला जुडी देताना म्हणतो, "ताई, तुमच्या पोरीमुळं आता मलापण खरा भाव सांगायची वेळ आली." मी ती जुडी परत टाकली, पुढच्या गाडीवर महाग घेतली. मी! महाग! यावरून समजा मला किती राग आला असेल. ज्यांनी आयुष्यात रांगेत पुढे घुसायची एक संधी सोडली नाही ते माझ्या लेकीला शहाणपण शिकवतात. खरं बोलली म्हणून मुलीला कुणी ओवाळावं असं माझं म्हणणं नाही, पण निदान वेड्यात तरी काढू नका. आणि खरा राग सांगू का? तो या लोकांवर नाही. तुमच्यावर आहे.

कारण हेच तुम्हीही केलं होतंत. पलीकडच्या कंपनीशी पहिल्या नंबराचा सामना होता, पंच भलतीकडे बघत होता आणि तुम्ही आपला हात उभा केलात. कंपनी हरली. साहेबानं सगळ्यांसमोर तुम्हाला काय काय ऐकवलं ते मी कॅरियरवर बसून ऐकलं. शेजारच्या काकांबरोबर मला घरी पाठवून दिलंत आणि तुम्ही स्वतः फार उशिरा आलात, सायकल हातात धरून. पंक्चर झाली म्हणालात. पुन्हा तुम्हाला टीममध्ये घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा घेतलात, कार्ड पंच केलंत आणि आपल्या लेथवर उभे राहिलात. पगार झाला. क्वार्टर राहिलं. आजारपणात दवाखाना राहिला. तुमचा हात तुम्हाला परवडला, आप्पा. हिला नाही परवडत. हिच्यामागे लेथ नाही. हे मला शिकवताना तुम्ही का नाही सांगितलंत, की हे फक्त पर्मनंट माणसासाठी आहे?

परवा संघाचा मॅनेजर घरी आला. पेढ्यांचा बॉक्स घेऊन, बूट दाराशी नीट काढून, फार सभ्य. पंचानं खेळाडूचा हात बघून निर्णय फिरवला, अशी तक्रार संघानं वर केली आहे म्हणे. समितीला पटलं तर शेवटचे सेकंद पुन्हा खेळवतील. फक्त लेकीची सही हवी.

"काकू, एवढंच लिहायचं आहे, की गोंधळात हात वर गेला. धक्का तिचा नव्हता."

"तिचाच होता."

"अहो, खोटं बोलायला थोडीच सांगतोय. गोंधळ तर कुणाचाही होतो." त्यानं मांडीवरच्या बॅगेवर हात ठेवला. "पुढच्या हंगामाचा करार आणलाय मी. दोन्ही कागद बरोबरच करून टाकू."

हे पंख्याकडे बघत बसले. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "आई सांगेल तसं करीन मी." आणि मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. घरात फ्रीज घ्यायचा की नाही हे मला विचारत नाहीत, आणि हे मला विचारतात!

मॅनेजर म्हणाला, "काकू, तो नियम कधीच रद्द झाला. रद्द झालेल्या नियमापायी पोरीचं करिअर घालवणार का?"

मी म्हटलं, "हात चुकून गेलेला नाही. तो मी शिकवलाय. माझी मुलगी सही करणार नाही. चहा गार होतोय, घ्या." त्यानं अर्धा कप चहा ठेवला, आल्याचा, साखर घातलेला. घरात आलेली कोणतीही मिठाई मी आधी देवापुढे ठेवते. तो बॉक्स मी देवापर्यंत जाऊच दिला नाही, त्याच्या हातात परत दिला. लेकीनं मला मागून मिठी मारली. हे म्हणाले, "बरं केलंस," तेही आयुष्यात तिसऱ्या-चौथ्यांदा. काल फोन आला. करार नाही.

इथवर वाचून तुमची छाती फुगली असेल, म्हणून पुढचं लिहिते. तो गेल्यावर मी आत कप विसळायला गेले आणि नळ चालू ठेवूनच बाहेर पडले. स्वयंपाकघरातल्या चपला पायात तशाच. जिना धडाधड उतरले, कठड्याला धरून, या वयात. मी त्याला बोलवायलाच चालले होते, आप्पा. सही देते, थांबा, हेच तोंडात होतं. फाटकाशी पोचले तर गाडी कोपऱ्यावर वळली होती. वॉचमन उठून म्हणाला, "काय काकू, साहेबांचं काही राहिलं का?" मी म्हटलं, "नाही रे, घंटागाडी आली का बघायला आले." संध्याकाळची घंटागाडी! ती तर सकाळीच कचरा घेऊन जाते.

लेकीला हे सांगितलेलं नाही. आत्ता ती खाली पार्किंगमध्ये आहे, बॉल आपटल्याचा आवाज वर येतोय. तिला वाटतं आई एका शब्दावर ठाम राहिली. तुम्हाला सांगते, कारण हा कागद मी घडी घालून दिव्याच्या वातीला लावणार आहे, आणि तुम्ही काही कुणाला सांगायला येणार नाही.

आणि एक. साहेबानं झापलं त्या रात्री तुम्ही इतका वेळ कुठे होतात, त्याच्या केबिनशी जाऊन परत आलात का, हे मी कधी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी अंगणात जाऊन सायकलची दोन्ही चाकं दाबून पाहिली होती. पंक्चर नव्हतं, आप्पा.