ओट्सची वडी आणि तेरवीचा कावळा

अहो पल्लूचे बाबा,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना. प्रिय माणूस असा वागतो का? तेरवीच्या दिवशी, साऱ्या पावण्यांसमोर, माझ्या हातच्या वडीची अब्रू काढून गेलात!

गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात. म्हणू द्या. आज सकाळी रशीदभाईंची बायको मुमताज येऊन गेली, म्हणून मी लिहायला बसले. ती कशाला आली होती ते शेवटी सांगते. आधी माझं ऐका. जिवंतपणी मी बोलायला लागले की "बरं बरं" म्हणत चपला घालायचे. आता जाऊन दाखवा!

कापसाची जिनिंग मिल बंद पडली त्या वर्षाची गोष्ट आहे. कापसाच्या बोंडात अळी निघाली, पांढरकवड्याच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या दिसेनात, आणि संक्रांतीपर्यंत धडधडणारी आपली जिनिंग दिवाळी सरताच गप्प झाली. तुम्ही आणि रशीदभाई तिथले फिटर. माझी खानावळ तिथल्याच मजुरांवर चालायची. मजूर गेले, माझी पातेली उलटी पडली. तुम्ही दोघांनी हायवेला ट्रॉल्या अन् फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं. मी घरात बसून भिंती पाहत राहिले. पन्नास माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला दोन माणसांचं वरण करायला किती वेळ लागतो, सांगा बरं?

त्याच हिवाळ्यात तुमची शुगर निघाली. रशीदभाईंचीही. दोघं एकाच दिवशी दवाखान्यात गेलात आणि सारखेच चेहरे करून आलात. "आमच्या दोघायचं मशीन एकाच कंपनीचं हाये," म्हणालात. तेव्हा मी हसले होते. हसायला नको होतं.

मग पल्लूनं तो कुकर पाठवला. पोरगी हैदराबादला नर्स, तिची घरमालकीण परदेशी गेली आणि जाताना तिला देऊन गेली. ओळखीच्या ट्रकवाल्यानं दारात आणून दिला. आत चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण. स्लो कुकर म्हणे! तुम्ही त्याला उलटा करून पाहिलात, बोटानं वाजवून पाहिलात. "शिटी नाई, जाळ नाई, आवाज नाई. हा कुकर हाये का साहेबाच्या हाताखालचा बाबू?" त्या दिवसापासून त्याचं नाव आळशी कुकर पडलं.

पल्लूनं फोनवर ओट्सच्या वड्या सांगितल्या. बाबांना दुकानात भूक लागते, मग ते बिस्किटांचा पुडा फोडतात, त्यापेक्षा हे बरं. मी किराण्यात ओट्स मागितले, तर दुकानदार म्हणतो कसा, "काहून वहिनी, घोडा घेतला का?" तेही ऐकून घेतलं मी. कोणासाठी? तुमच्यासाठीच ना!

सोपं वाटलं का तुम्हाला ते? पहिल्या वेळी झाकणाला वाफ धरली, तिचं पाणी टपटप वड्यांवर पडलं आणि सगळ्याचा गिचका झाला. मग मी झाकणाखाली तुमच्या जुन्या धोतराचा तुकडा ताणून बांधला. तो पाणी प्यायला लागला तेव्हा कुठे वडी जमली. आणि विजेची लाईन! दोन-अडीच तास लागतात त्या बाबूला. मधेच लाईन गेली की मी गोधडी गुंडाळून त्याला ऊब देत बसायची. वरून तुम्ही येता-जाता झाकण उचलायचे. "झालं का? अजून नाई?" अहो, एकदा उचललं की आतली सगळी वाफ जाते! किती वेळा ओरडले मी! तुमचा हात काही राहिला नाही.

साखर नाही, गूळ नाही. पिकलेलं केळं कुस्करायचं, गोडाला चार खजूर, भाजलेले शेंगदाणे, तीळ आणि आपली जवस. वर दालचिनीची चिमूट. थंड झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, नाहीतर भुगा. गरम घमघमाट सुटायचा आणि मी स्वतःलाच दटावत बसायची, सुलोचने, थांब. खानावळ गेल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की आपल्या हाताला परत काम आहे.

रोज सकाळी डब्यात दोन वड्या. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा. मी विचारायची, "कशी झाली होती?" आणि तुम्ही कसे अगदी जाणकारासारखे सांगायचे! "आज जराशी कोरडी झाली, पान्यासंगं गिळा लागली." "दालचिनी कमी कर." "जवस भाजून टाकली का? मस्त लागली." मी सगळं मनात धरायची, दुसऱ्या दिवशी सुधारायची. दोन वर्षं! शेवटी तर तुम्ही म्हणालात, "आता याच्यात काई दुरुस्ती नाई." किती फुलले होते मी त्या दिवशी. वेडी कुठली!

शुगर मात्र उतरेना. मी डॉक्टरांना म्हणायची, अहो, हे वड्या खातात, गोडाला शिवत नाहीत, मग वाढते कुठून? आणि तुम्ही शेजारी बसून छताकडे पाहायचे. छताकडे! तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मग त्या दुपारी दुकानात, बसल्या जागी, पाना हातात असतानाच गेलात. निरोप नाही, काही नाही. तेही तुमच्या स्वभावाला धरूनच. सांगायचं कधी होतं तुम्हाला?

तुमची मोठी बहीण आली. गळ्यात पडून रडली, आणि डोळे पुसायच्या आधीच शेजारणीला म्हणाली, "गवत चारू चारू मारलं इनं माह्या भावाले." मी ऐकलं. अख्ख्या जिनिंगला जेऊ घातलेली बाई मी, आणि माझ्या हातच्या अन्नानं नवरा गेला म्हणे! तेरा दिवस ते वाक्य कानात घेऊन घरात वावरले. एकच आधार होता. मी मनाशी म्हणायची, यांना माझी वडी आवडत होती. यांनी एक दिवस ती टाकली नाही.

म्हणून तेरवीला तुमच्या पानात मी वरण-भात, भाजी, वडे, खीर वाढली आणि मधोमध ती ओट्सची वडी ठेवली. आदल्या दिवशी मुद्दाम केली होती. धोतराचा तुकडा नीट बांधला. पल्लूनं स्टुलावर चढून पान टिनाच्या छपरावर ठेवलं.

कावळा आला. लगेच आला. समोरच्या कडूनिंबावर बसला, मान वाकडी करून पानाकडे पाहिलं आणि तिथेच बसून राहिला.

तुम्हाला माहीत आहे पुढे काय होतं ते. कावळा शिवेना की गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते शोधायचं आणि वचन द्यायचं. तुमची बहीण पुढे झाली. "भाऊ, तुह्या बायकोले मी अंतर देनार नाई!" कावळा ढिम्म. कसा हलेल? खोटं त्यालाही कळतं. मग पल्लू रडत म्हणाली, "बाबा, आईला मी हैदराबादला घेऊन जाईन, एकटी ठेवणार नाही." ते ऐकून कावळा उलट आणखी लांब, विजेच्या खांबावर जाऊन बसला. तेवढं मात्र मला बरं वाटलं.

मी म्हणाले, दुकान विकणार नाही. मी म्हणाले, तुमची सायकल कोणाला देणार नाही. काही नाही! ऊन चढलं. पंगत खोळंबली. भातावर माशा. म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहायला लागली आणि तुमच्या बहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं, की घ्या, माह्या भावाचा आत्मा सांगून राह्यला.

तेव्हा फाटकाजवळ इतका वेळ खाली मान घालून बसलेले रशीदभाई उठले. टोपी हातात चुरगाळत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "भाभी, रागवू नका. ते वडी तेवढी काढून घ्या पानातून."

"काहून?"

"त्याले... नव्हती आवडत."

पल्लू माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हणाले, काढ. तिनं वडी उचलली, स्टुलावरून खाली पाय टेकवते न टेकवते, तोच तुमचा कावळा खांबावरून सरळ पानात! वडा उचलला अन् गेला.

बाप्पा! कोणी सुटकेचा श्वास सोडला, कोणी पदराआड हसलं. पंगत बसली. आणि मी पल्लूकडून घेतलेली ती वडी मुठीत धरून उभी. तुम्ही जिवंत असते तर तुमच्याच डोक्यात घातली असती.

पंगती उठल्यावर रशीदभाईंना मी कडूनिंबाखाली गाठलं. त्या माणसानं सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी तुम्ही वडीचा तुकडा तोडला आणि म्हणालात, "रशीद, हे तं पुठ्ठा हाये." पुठ्ठा! रशीदभाईंनी चावून पाहिली, त्यांना गोड लागली. त्यांच्या डब्यात मुमताजनं दिलेले गुळाचे तळलेले गुलगुले असायचे, कारण शुगर निघाली हे त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. मग काय, दोघा शहाण्यांनी डबे बदलले. रोज! तुम्ही त्यांचे गुलगुले हाणले आणि त्यांनी माझ्या वड्या खाल्ल्या.

आणि त्यांची शुगर उतरली! डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली म्हणे. माझी मेहनत फळाला आली हो, फक्त दुसऱ्याच्या अंगात.

आणि ते "दालचिनी कमी कर"? तेही रशीदभाईंचंच! दोन वर्षं मी त्यांच्या जिभेनं वड्या सुधारत होते. तुम्ही नुसता निरोप आणायचे.

"मी म्हनलं त्याले, घरी सांगून टाक एकदा," रशीदभाई डोळे पुसत म्हणाले. "तो म्हने, नाई. खानावळ बंद झाल्यापासून ती पह्यल्यांदा स्वयंपाकघरात गुनगुनून राह्यली. मोडू नोको, रशीद."

आता याच्यावर मी काय करू? रडू का भांडू? दोन्ही करून झालं, राग तेवढाच आहे. लिहिताना शाळेतली भाषा येते, पण खरं बोलायचं तर आपल्याच बोलीत बोलते: काहून नाई सांगितलं मले? काय केलं असतं मी? दोन दिवस फुगून बसली असती, तिसऱ्या दिवशी दुसरं काई बनवलं असतं! मी काय फक्त ओट्सच्या वडीसाठी गुणगुणत होते का? बरबटीची उसळ करताना गुणगुणले असते. ज्वारीचा उपमा करताना गुणगुणले असते. माझं गाणं राखायला तुम्ही गुलगुले खाऊन मरायचं, हा कुठला शहाणपणा? अन् खरं सांगा, थोडं माझ्यासाठी होतं, बाकी सगळं गुलगुल्यांसाठीच होतं ना?

पल्लूनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनं होतं, नुसत्या खाण्यानं झालं असं म्हणता येणार नाही. 'नुसत्या'! तो एक शब्द मला झोपू देत नाही.

कुकर मी पुसून माळ्यावर टाकला. पुन्हा त्याचं तोंड पाहणार नाही म्हटलं.

आणि आज सकाळी मुमताज आली. बसलीही नाही. "भाभी, तेरवीपासून त्यायनं दुकान उघडलं नाई. जेवन सरकवून देतात. म्हनतात, मैंने खिलाया उसको, मैंने मारा उसको. आता डॉक्टर म्हनते शुगर चढली. मेरे को तो मालूमच नव्हतं त्यायले शुगर हाये." आणि रडायलाच लागली. तिलाही तिच्या माणसानं काही सांगितलं नव्हतं. एका कंपनीची मशीनं, दुसरं काय!

मग तिनं पदराखालून तुमचा डबा काढला. शेवटच्या दिवशी बदललेला, त्यांच्याकडेच राहिला होता. रिकामा कसा आणायचा म्हणून त्यात मूठभर शेंगदाणे घालून आणले होते. "वो वडी कैसे बनाते, मले शिकवाल का?" तिनं विचारलं. मी फक्त डबा हातात घेतला. ती गेली.

मी डबा ताटलीत ओतला. शेंगदाणे चांगले होते, मोठे, टपोरे. रिकामा डबा तिनं आणला नाही, मग मी रिकामा कसा परत करणार?

कुकर खाली काढलाय. हे लिहितेय तेव्हा तो बाजूला आहे, धोतराचा तुकडा बांधून. तासभर झाला, कोणी झाकण उचललं नाही. कधी नव्हे ते वड्या नीट होतील आज. पण कोणी तरी येऊन उचलावं, असं सारखं वाटून राह्यलं मले.

तेरवीला तुमच्यासाठी नको ती वचनं दिली. हे घ्या, खरं. उद्या सकाळी तुमचा डबा घेऊन मी स्वतः रशीदभाईंकडे जाईन. आधी पोटभर शिव्या देईन, तुमच्या वाट्याच्याही त्यांनाच, कारण तुम्ही हाताशी नाही. मग माझ्यासमोर वडी खायला लावीन, आणि दुकान उघडल्याशिवाय उठणार नाही. मुमताजला सगळं शिकवीन. तुमची बहीण काय म्हणायचं ते म्हणो. माझ्या हातच्या अन्नानं एक माणूस बरा झाला होता, तो मी पुन्हा बरा करीन.

आणि एक वडी रोज तुमच्यासाठी टिनावर ठेवीन. खा, नाहीतर नका खाऊ. पण आवडली नाही तर या वेळी रशीदभाईंना पुढे करू नका. स्वतः या, अन् मले तोंडावर सांगा.

अजून राग न उतरलेली, तुमचीच,
सुलोचना