‘प्रत्यक्ष पाहिले’

मंगळवार, १२ मार्च

प्रिय धाकट्या,

प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र काल मिळालं. आम्ही बरे आहोत. तुझ्या भावोजींची पाठ धरली आहे, तरी परवा स्वयंपाकघरातल्या नळाखाली शिरून त्यांनी दोन तास खटपट केली. नळ आता आधीपेक्षा जास्त गळतो.

तुझ्या चर्चमध्ये गॅलरीची फळी मोडून खाली पडलेल्या, ऑर्गन वाजवणाऱ्या मावशींना दवाखान्यात भेटून आले. पाय दोन ठिकाणी मोडलाय, आत सळई घातली आहे. कुरकुर काही नाही. एवढंच म्हणाल्या, “ऑर्गनला पायही लागतात गं, लोकांना वाटतं नुसते हात.”

तुझा रविवारचा उपदेश माझ्यापर्यंत पोचला. तुझ्या मंडळीतल्या तिघींनी वेगवेगळा फोन करून सांगितला, त्यामुळे एकही वाक्य सुटलं नाही. नगर कार्यालयाने देवाच्या घराला कुलूप घातलं, आता माणसांचं ऐकायचं की देवाचं ते तुम्ही ठरवा, असं म्हणालास. लोकांनी ठरवलं. सील तोडलं आणि साठ माणसं त्याच गॅलरीखाली बसून गायली. ते सील मी माझ्या हाताने लावलं होतं रे. निदान लावणारी कोण, एवढं तरी उपदेशात सांगायचंस.

बाबा आपल्याला काय शिकवायचे? अधिकारी देवाने नेमलेला असतो, भल्याची राखण करायला आणि वाइटाला आळा घालायला. मी ते खरं मानलं, म्हणून तर नगर कार्यालयाच्या या इमारत तपासणी खात्यात आले. तू वेदीकडे गेलास, मी जिन्यांकडे. पण घरात सगळ्यांचा समज असा, की तुला देवाने बोलावलं आणि मला परीक्षा पास झाल्यावर नोकरी लागली. वीस वर्षं हे ऐकतेय आणि गप्प बसतेय.

सत्ता उद्या देवाच्या जागी बसायला निघाली, तर तिच्यापुढे वाकायचं नाही हे मलाही मान्य आहे. तेव्हा तुझ्या शेजारी मी उभी असेन. पण आम्ही तुमची प्रार्थना कुठे अडवली? मैदानात करा, शाळेत करा, माझ्या घरी करा. सडलेल्या तुळईखाली करू नका, एवढंच म्हणणं होतं. खाली बसलेला माणूस किती विश्वासू आहे हे तुळईला कळत नाही. त्याच्या डोक्यावर काय आहे ते कुणीतरी बघावं, म्हणून तर देवाने सरकार नावाची गोष्ट ठेवली असेल ना?

आता तुझ्या मागणीचं. गुरुवारच्या सुनावणीत तू गेल्या वर्षीचा सुरक्षिततेचा दाखला दाखवणार आहेस आणि त्यावरची सही माझी आहे हे मी येऊन सांगावं, असं लिहिलंस. सही माझीच आहे.

इथवर लिहून उठले, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. लिहायलाच हवं.

गेल्या वर्षी तपासणीला आले तेव्हा पिशवीतून पेचकस काढला होता. लाकडात टोचून पाहतो आम्ही. चांगलं असलं तर टोक अडतं, सडकं असलं तर आत जातं. तू हातातून तो काढून घेतलास आणि म्हणालास, “ताई, वर कशाला चढतेस? गुडघे बघ तुझे. देवाचं घर आहे, इतकी वर्षं उभं आहे, चहा घे.” मी चहा घेतला. फॉर्मवर ‘प्रत्यक्ष पाहिले’ असा रकाना असतो. त्यापुढे खूण केली आणि सही ठोकली.

गोदामवाला कितीही गोड बोलला तरी मी वर चढते. बेकरीवाल्याने शिव्या दिल्या तरी चढले. तुझ्याकडे नाही चढले. देवाच्या घरात अधिकारपद छत्रीसारखं दाराशी ठेवायचं असतं, असं मला वाटलं. एवढी वर्षं बाबांचं शिकवणं मिरवून मी नेमकी तिथेच चुकले. त्या दिवशी माझी उपासना त्या जिन्याच्या वरच्या टोकाला होती आणि मी खाली चहा पीत बसले. माझा संताप होतोय, आणि तो सगळा तुझ्यावर काढून चालणार नाही.

आज सकाळी साहेबांना लेखी निवेदन दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, “बाई, हे द्यायलाच हवं का? लाकूड वर्षभरात सडलं असं लिहू.” मी म्हटलं, तसं लिहू नका. उद्यापासून मी निलंबित आहे. ओळखपत्र जमा केलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. भावोजींना अजून सांगितलेलं नाही, नळाचं होऊ दे आधी.

एक गोष्ट मात्र मी निवेदनात लिहिली नाही. मावशी म्हणाल्या, ती फळी दोन वर्षं पायाखाली दबत होती आणि त्यांनी तुला तीनदा सांगितलं होतं. मी त्यांना पाणी दिलं आणि विषय बदलला. माझ्या गुडघ्यांची काळजी तू प्रेमाने केलीस, असं मी वर्षभर समजत होते. अजूनही तसंच समजायची इच्छा आहे.

ते लिहिणं माझं काम नाही, तुझं आहे. गुरुवारी समोर बसलेला अधिकारी कंटाळलेला असेल, तुझं नावही धड लिहिणार नाही. तरी तो विचारेल, गॅलरी धोक्याची आहे हे तुम्हाला माहीत होतं का. त्याला तिथे कोणी बसवलंय ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. उत्तर देताना तेवढं ध्यानात ठेव.

गुरुवारी समोरच्या बाकावर बसून तुझं उत्तर ऐकणारी,

तुझी ताई