सेवकभाऊ जिथे थांबायचा

"तू दम घे, मी थांबून राहतो," असे माझा मोठा भाऊ सेवकराम आमगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, भर स्टेजवर, मला म्हणाला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या एका वाक्याच्या भरवशावर मी पुढची सारी वर्षे गायले.

मी, रुख्मा चुन्नीलाल रहांगडाले, वय ४६, राहणार गोंदिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर धीर देतात, पण कागद केलेला बरा.

१. नागरा गावच्या धानाच्या शेतातला माझा हिस्सा सेवकभाऊला. कसतो तोच, सातबाऱ्यावर फक्त माझे नाव आहे.

२. गोंदियातले घर आणि बँकेत उरेल ते माझी भाची भूमिका हिला. लग्नापायी तिने घर विकू नये.

३. चुलतभाऊ दुलीचंद याला काही नाही. घरच्या बाईने स्टेजवर गाऊ नये म्हणायचा आणि मंडईत पहिल्या रांगेत बसायचा.

४. माझा हेडफोन आमचा गिटारवाला चंद्रकुमार याला. कारण लिहिते.

आमच्या 'बोडी' या रॉक बँडची गाणी दोन वर्षांपूर्वी चेन्नईत सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत रेकॉर्ड झाली. मंडईतला ऑर्केस्ट्रा गाणाऱ्यासाठी थांबतो. हाही थांबेल असे आम्ही धरून चाललो. माझी झडप लहानपणापासून अधू. तिसऱ्या ओळीआधी मला दम लागतो. तिथे भाऊ ड्रमवर स्टिक उचलून थांबतो आणि मी श्वास घेतला की मारतो. चेन्नईत मात्र सगळ्यांच्या कानात हेडफोनमधून यंत्राचे ठरलेले ठोके वाजत होते, आणि व्हायोलिनवाले समोरच्या नोटेशनच्या कागदाप्रमाणे पुढे निघून जात. गाणे पुन्हा पुन्हा मोडले. शेवटी चंद्रकुमार म्हणाला, "भाऊ, तुम्ही जरा चहा घेऊन या." सेवकभाऊने माझ्याकडे पाहिले. मी हेडफोन नीट करत राहिले.

ड्रम त्या ऑर्केस्ट्राच्याच माणसाने वाजवले. मी एकेक ओळ वेगळी गायले, मग त्या जोडल्या. भाऊने खरेच सगळ्यांसाठी किटलीभर चहा आणला आणि स्टुडिओच्या दारावरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझेपर्यंत तो बाहेर उभा राहिला. तो गार चहा मी प्यायले.

गाणे सुंदर झाले. व्हायोलिन एकदम उठतात तिथे आजही अंगावर काटा येतो, आणि त्याचीच मला लाज वाटते. लोक म्हणतात, बाईत काय दम आहे. त्या गाण्यात मी कुठेच श्वास घेत नाही. चंद्रकुमारने हेडफोन लावून एकदा तेवढे ऐकावे.

५. ड्रम भाऊचेच आहेत, ते मी कोणाला देणार? धानाच्या पोत्यांमागे ताडपत्रीखाली पडले आहेत. एकदा विषय काढला तर म्हणाला, "गाना चांगला झाला ना? मंग कायले बोलून राहिलीस?"

सही: रुख्मा चुन्नीलाल रहांगडाले
साक्षीदार: १. टिकाराम बिसेन २. नंदाबाई पटले
गोंदिया, ९ फेब्रुवारी २०२६

सहीखाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे वकील म्हणाले. म्हणूनच हे इथे लिहिते. भाऊ, मी परत आले नाही तर माझ्या तेरवीला ताडपत्री काढ. तेच गाणे एकट्याने वाजव, आणि तिसऱ्या ओळीआधी स्टिक उचलून थांबून राहा, मी श्वास घेईन एवढा वेळ. तू नाहीच म्हणशील. तरी मागते.