सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस

उदगीर, १० नोव्हेंबर

प्रिय सुदर्शन,

तुझी मेल छापून घेऊन वाचली. पडद्यावर वाचलेलं मला अजून पत्र वाटत नाही. दर शनिवारी तू तिकडच्या तुरुंगात पोरांना गणित शिकवतोस, आणि वर्गातल्या विसांत सोळा काळी असतात. शहरात इतके थोडे आणि आत इतके जास्त कसे, असा तुझा प्रश्न. तू गणिताचा माणूस, तुला प्रमाण खटकणारच. मला एवढंच सुचलं की तुमच्याकडे कातडी लांबूनच दिसते. आमच्याकडे बिचाऱ्या शिपायाला आडनाव विचारण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

माझं म्हणशील, तर कॉलेजात अजून तासिकेवरच आहे. संस्कृतला यंदा सात जण. सहा मार्कांसाठी आलेत, सातवा चुकून. सोनकांबळे सर संस्कृत शिकवतात याचं पालकांना पंचविसाव्या वर्षीही नवल वाटतं. तू मला पंडित म्हणून चिडवायचास, तेव्हा निदान ओळखून तरी चिडवायचास.

आमचा अश्वजित बाहेरगावी आहे, असं मी मागच्या तीन पत्रांत लिहिलं. ते खरंच आहे. तो शिकायला गेलाय असं तू समजलास आणि मी समजू दिलं. तो तुरुंगात आहे, सुदर्शन. अकरा महिने झाले.

तुझा पुतण्या, मल्लिनाथचा शिवम, आणि तो देवणीच्या बाजारातून येत होते. गाडी शिवमने कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेली, कागद नसलेली. चालवतही तोच होता. वाटेत अडवलं, आडनावं विचारली, गाडी चोरीची निघाली. गुन्ह्यात दोघांची नावं पडली, म्हणजे द्विवचन. चौथ्या दिवशी मल्लिनाथ सातबारा घेऊन कोर्टात गेला आणि शिवम सुटला, म्हणजे एकवचन. पुढे अश्वजितच्या नावावर आणखी दोन गाड्या चढल्या. त्या त्यानं पाहिलेल्याही नाहीत.

ऑगस्टात त्यालाही जामीन मंजूर झाला. पण जामीनदार हवा जिल्ह्यातला, नावावर जमीन असलेला. माझं घर भाड्याचं, आणि तासिकेच्या मानधनाला कोर्ट पगार म्हणत नाही. माझी सरजाआत्या चाळीस वर्षं गायरान कसते. सरकारनं अतिक्रमणापायी केलेल्या दंडाच्या सगळ्या पावत्या तिनं फडक्यात बांधून आणल्या. जमीन आपली असल्याचा तिच्याकडे तेवढाच पुरावा. कारकुनानं त्या बघितल्या, नीट घडी करून परत दिल्या आणि आत्याला चहा पाजला. चांगला माणूस.

मग गावात अकरा उंबरे हिंडलो. त्यातल्या चार घरची पोरं माझ्याकडे शिकलेली. नाही कुणीच म्हणालं नाही. कुणाचा सातबारा बँकेत होता, कुणाचा भाऊ परगावी. एकट्या केवळाबाईंनी खरं सांगितलं: मल्लिनाथअण्णांनी सगळ्यांना बजावून ठेवलंय. अश्वजित बाहेर आला तर गाडी कुणी आणली ते बोलेल, ही मल्लिनाथची धास्ती. पोरगं अकरा महिन्यांत कुणाला बोललेलं नाही. मलाही नाही. मला शिवमनंच रडून सांगितलं.

कोर्टाच्या फाटकाशी भाड्यानं जामीनदार मिळतात, खोट्या सातबाऱ्यासकट. प्रियदर्शनी, आईच ती, म्हणाली, आणा एक. मी नको म्हणालो. आणखी एक खोटा कागद त्याच्या गळ्यात नको होता. तेव्हापासून घरात आम्ही दोघं आणि टीव्ही. बोलतो तो टीव्ही.

दर मंगळवारी नांदेडला बस बदलून पुढं जातो. काचेपलीकडे तो, वीस मिनिटं. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष बुडालं, त्याबद्दल आम्ही बोलत नाही. आत आता जात विचारत नाहीत, रजिस्टरातला रकानाच काढून टाकलाय, असं तो सांगत होता. झाडू मात्र पहिल्या दिवशी ज्यांच्या हाती दिला होता, त्यांच्याच हाती आहे. उरलेल्या मिनिटांत तो मला जेवलात का विचारतो आणि मी हो म्हणतो.

पंचवीस तारखेला, मंगळवारी, मल्लिनाथच्या वर्षाराणीची हळद. लग्नासाठी तू रविवारीच पोचतोयस, असं लिहिलंस. हणमंतरावकाका गेल्यावर तुम्हा भावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा शिरूर अनंतपाळच्या रस्त्याकडचे तीन एकर तुझ्या एकट्याच्या नावावर आले. तुझा पासपोर्टही अजून इकडचाच. सोमवारी सकाळी अकरा वाजता सातबारा घेऊन आमच्या कोर्टात उभा राहशील का? दुसऱ्या दिवशी तुला मल्लिनाथच्या मांडवात त्याच्याच शेजारी उभं राहायचंय, हे मला कळतं. म्हणून तीन महिने हे लिहिलं नाही. गेल्या मंगळवारी अश्वजितला सांगितलं, आता सुदर्शनकाकाला विचारतो. तो म्हणाला, "नका इचारू, बाबा. काका न्हाई म्हणले तर मंग आपलं म्हणाया कोन राहील?"

तरी विचारतो आहे.

तुझाच,
मारोती