तात्या एकाच डिस्कवर

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉम्प्युटर सकाळपासून आवाज करतोय. कट. कट. मग काही नाही. मग परत कट. आधी वाटलं पंखा. टेबलाखाली शिरून कान लावला. पंखा नाही, हार्ड डिस्क. घाबरून वायरच उपटली.

त्या डिस्कवर तात्यांचे फोटो आहेत. तळमजल्यावरच्या तात्यांचं सहस्रचंद्रदर्शन गेल्या रविवारी झालं (एवढं लिहून हात दुखतो, पुढे नुसतं स. च.), त्याचे चौदाशे फोटो. दुसरीकडे कुठेही नाहीत. दुसऱ्या डिस्कवर जागा नव्हती. सोमवारी करू म्हटलं, मंगळवारी करू म्हटलं.

आणि कॅमेऱ्याची कार्डं मी परवा खंडेनवमीला पुसली. बाबांची पद्धत. महाडच्या स्टुडिओत ते पूजेआधी सगळे रोल काढून धुऊन ठेवायचे. कॅमेऱ्याच्या पोटात जुनं काही ठेवून पूजा करायची नाही, रिकामा हवा. मी कार्डं फॉरमॅट करते. दोनदा केली, मनोभावे. मग हळदकुंकू, झेंडू, नमस्कार. आणि काल दसऱ्याला दोन दुकानांची उद्घाटनं त्याच कार्डांवर घेतली. म्हणजे पुसल्यावरही कार्डात काही उरलं असेल तर तेही गेलं.

बाबा रोल धुऊन ठेवायचे. फेकायचे नाहीत. एवढी अक्कल पूजेच्या दिवशी सुचली नाही.

४ ऑक्टो.

सलीमभाईंना फोन. वाशीला त्यांचं दुकान, सात वर्षांपूर्वी हे मशीन त्यांनीच जोडलं.

"भाभी, आता चालू नका करू. एकदा पण नाही. पॉवर सप्लाय खराब असेल तर तो एकटा नाय जात, सगळ्यांना घेऊन जातो."

"डिस्क गेली का?"

"बघितल्याशिवाय कसं बोलू? कदाचित तिला करंट नीट भेटत नाय म्हणून आवाज करते. कदाचित ती स्वतःच चाललीय. त्या टायमाला मी बोललो होतो, सप्लाय चांगला घ्या. तुम्ही बोललात, कॅबिनेटबरोबर येतो तोच राहू दे."

बोलले होते मी. तेव्हा पॉवर सप्लाय म्हणजे न दिसणारी वस्तू वाटायची. न दिसणाऱ्या वस्तूवर कोण खर्च करतं?

डिस्क घेऊन येऊ का विचारलं तर ओरडलेच. रिक्षा, खड्डे, अजिबात नको. काढून ठेवा, हलवू नका. काढली. आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली. डब्यावर पट्टी चिकटवली: हात लावू नये. नवऱ्याने, अनिलने, विचारलं, लाडू आहेत का. मी रडले तेव्हा त्याला कळलं की लाडू नाहीत.

५ ऑक्टो.

बिघडलेल्या डिस्कवरून फोटो परत मिळवून देणाऱ्या एका लॅबला फोन केला. ते सांगतात तेवढ्या पैशांत माझं नवं मशीन येतं, वर गॅरंटी काही नाही. मशीनसाठी पन्नास हजार साठवलेत, दोन वर्षं. दोन्ही होणार नाही. मशीन नसेल तर दिवाळीनंतरची तिन्ही डोहाळजेवणं आणि बारशी दुसरी कोणीतरी घेईल. सलीमभाईंचं म्हणणं, नवं मशीन घ्याच, चांगल्या सप्लायवर तीच डिस्क एकदा लावून बघू. एकदा. फार तर दोनदा.

म्हणजे जे मशीन निवडायचं ते फोटो एडिट करण्यासाठी आणि त्या एका वेळेसाठी. भीती वाटते. 

६ ऑक्टो.

ज्योतीचा, म्हणजे तात्यांच्या सुनेचा, मेसेज. "मेधा, फोटो?" मी: "एडिटिंग चालू आहे 🙂".

तो हसरा चेहरा टाकला त्याची लाज वाटते.

तात्यांच्या डोळ्यांचं इथे लिहून ठेवते, स्वतःला विसरायला मिळू नये म्हणून. डोळ्याच्या पडद्याचा आजार. बघतात त्याच्या बरोबर मधोमध काळा डाग, म्हणजे ज्याच्याकडे बघावं त्याचं तोंडच जातं. डाग वाढतोय. स. च.ला दिवे मालवून ऐंशी निरांजनांनी ओवाळलं. सगळे म्हणत होते काय सुंदर. तात्या माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मला कोणाचंच तोंड दिसलं नाही गं. असू दे, तू काढतेयस ना. फोटोत मोठं करून निवांत बघेन." त्यांची बहीण, अक्का, गुहागरहून आली होती. शहाऐंशीची. परत येणं होईल असं तिलाही वाटत नव्हतं, दोनदा बोलली.

म्हणजे तात्या त्या दिवशी तिथे असून नव्हते. ते माझ्या डब्यात आहेत.

७ ऑक्टो.

यादी, पहिली:
प्रोसेसर – मधला. डिस्प्ले स्वतःच चालवणारा, म्हणजे वेगळं ग्राफिक कार्ड लागणार नाही.
रॅम – ३२.
एसएसडी – १ टीबी.
सप्लाय – चांगला. चांगला. चांगला.
मॉनिटर – जुनाच.

अनिलने वाचली. फर्स्ट शिफ्टहून आला होता, अंगाला तळोज्याच्या कारखान्याचा तो वास. म्हणाला, "तीन वेळा लिवल्यानं सप्लाय जास्त चांगला येतो व्हय?" साताऱ्याची माणसं भ्यालेल्या माणसाचीही चेष्टा करतात. मग म्हणाला, "खाली जाऊन सांगून टाक."

मशीन आल्यावर सांगेन. फोटो निघाले तर सांगायची वेळच येणार नाही.

९ ऑक्टो.

वाशीला गेले. सलीमभाई रॅमचा भाव सांगताना दुसरीकडे बघत होते. रोज चढतोय म्हणे. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात उतरेल? "भाभी, माझी बायको पण हेच विचारते, सोन्याचं."

इंटरनेटवर प्रत्येक सामानाबद्दल एक चांगलं आणि दहा वाईट लिहिलेलं सापडतं. हा सप्लाय धूर सोडतो. ही एसएसडी सहा महिन्यांत गेली. हा बोर्ड आला तोच वाकडा. पूर्वी असलं वाचून हसले असते. आता प्रत्येक वाईट माणूस माझ्याबद्दलच लिहितोय असं वाटतं. दुकानात चार डबे हातात घेतले नि चारही खाली ठेवले. सलीमभाईंनी चहा मागवला. म्हणाले, घाबरून घेतलेली चीज आणि घाईने घेतलेली चीज, दोन्ही परत येतात दुकानात.

काही न घेता परत. मेट्रोतून उतरल्यावर घरी जाईपर्यंत दोनदा वाटलं की अनिलने डबा हलवला असणार. हलवला नव्हता.

११ ऑक्टो.

तात्या स्वतः वर आले. लिफ्टमधून, काठी टेकत. दार उघडलं तर माझ्या खांद्याकडे बघत उभे. आता ते असंच बघतात, माणसाच्या बाजूला. बाजूचं अजून थोडं दिसतं.

"मेधा, सगळे नकोत मला. एक दे. अक्काचा."

मी म्हटलं, रंग ठीक करायचे राहिलेत, तात्या.

"रंग राहू देत. मला रंग आता सगळे भिजवलेल्या वर्तमानपत्रासारखे."

पाणी घेतलं, खुर्चीत बसले. मशीन का बंद, विचारलं. मी म्हटलं, नवीन घेतेय. किती खूश झाले. "मोठा पडदा घे हो. मोठा आणि लख्ख. बँकेत असतात तसले बारके नको."

ते बसले होते त्या खुर्चीच्या मागच्याच कपाटात डबा होता. दोन वेळा तोंड उघडलं. दोन्ही वेळा चहा घेणार का एवढंच निघालं. इतकी भित्री मी कधीपासून झाले?

१२ ऑक्टो.

यादी, दुसरी:
ग्राफिक कार्ड – नाही. कधी घ्यायचं ते बघू.
रॅम – १६. एक खाच रिकामी. पुढे भरू.
कॅबिनेट – सगळ्यात साधं. आत दिवे नकोत.
प्रोसेसर – एक पायरी खाली.
सप्लाय – तोच. हात लावायचा नाही.
मॉनिटर – सत्तावीस इंच, खरा रंग दाखवणारा, उजेड भरपूर.

अनिल: "मॉनिटरवर एवढं? लोक फोटो मोबाइलवर बघत्यात. रॅम नसली तर तूच बोंब मारशील."

मारेन. पण जुना मॉनिटर एकोणीस इंची आणि पिवळा. त्यावर मी सात वर्षं सगळ्या नवऱ्या गोऱ्या केल्या, छापून आल्यावर निळ्या दिसायच्या. कामासाठी लागतोच, असं मी अनिलला सांगितलं. अर्धं खरं आहे. बाकीचं अर्धं म्हणजे तात्या. आणि फोटो निघालेच नाहीत तर सत्तावीस इंचांवर मी काय दाखवणार?

१३ ऑक्टो.

ऑर्डर दिली. सलीमभाई जोडून, दोन दिवस चालवून, धनत्रयोदशीला आणून देणार. जुन्या डिस्कसाठी दोन वायरी बाहेर काढून ठेवतील. आगाऊ पैसे दिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. उलट आता दिवस ठरला.

१५ ऑक्टो.

ज्योती लिफ्टशी भेटली. तात्यांच्या उजव्या डोळ्यात परत रक्त उतरलंय. इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, जे बघायचं ते बघून घ्या.

"आज तरी दे गं काहीतरी," ती म्हणाली. आणि मी सांगितलं. तिथेच, लिफ्टचं दार उघड-बंद होत असताना. खंडेनवमी, कार्डं, कट कट, डबा, सगळं.

तिने लिफ्टचं दार हाताने धरलं. मग: "तू मला रोज हसरे चेहरे पाठवत होतीस."



मग तिच्या मागे खाली गेले. तात्या पलंगावर, उजव्या डोळ्यावर पट्टी. भूगोल शिकवायचे शाळेत, अजून आवाज वर्गातला. परत सगळं सांगितलं. वाटलं होतं ते चिडतील, मग निदान संपेल. ते म्हणाले, "म्हणजे चौदाशे वेळा मी तुझ्या कपाटात आहे म्हण." थोड्या वेळाने म्हणाले, "दोन आठवडे एकटीच घाबरत बसलीस? मला घ्यायचं होतंस. मीही घाबरतोच आहे."

घरी येऊन तोंड धुतलं. भीती कमी नाही झाली. फक्त आता ती दोन मजल्यांवर आहे.

१६ ऑक्टो.

सलीमभाईंनी फोनवर पढवलं, लिहून घेतलं:
– अख्खा फोल्डर ओढायचा नाही.
– छोटे फोटो दिसायला लागतात ते बंद ठेवायचं, डिस्कला मेहनत पडते. नुसती नावांची यादी.
– सर्वात जरुरीचं आधी. थोडं थोडं.
– आवाज आला की थांबायचं.

सर्वात जरुरीचं म्हणजे कुठलं? नावं म्हणजे नुसते आकडे आणि वेळ. तात्यांना जाऊन विचारलं. ते डोळे मिटून सांगू लागले. गुळाची तुला आधी झाली, त्यांना तोललं ती. मग गुरुजींचा चहा. मग ओवाळणं. अक्काच्या गुडघ्यांमुळे ती सगळ्यांत शेवटी उठली, तेव्हा स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. ज्योती म्हणाली, कुकर मी सव्वाबाराला लावला. लिहून घेतलं: १२.१५ ते १२.४०.

१७ ऑक्टो.

काही नाही. घर झाडलं. डबा उघडून बघितला आणि बंद केला.

१८ ऑक्टो., धनत्रयोदशी

सकाळी दहाला सलीमभाई मशीन ठेवून गेले, दुकानात आज गर्दी. अनिल म्हणाला, सणाचा दिवस आहे, निदान कुंकू तरी लाव. मी म्हटलं, यंत्रांची पूजा आता पुढच्या वर्षी.

तात्या आणि ज्योती वर आले. तात्यांना मॉनिटरसमोर बसवलं. डबा आणला. साडी सोडली. दोन्ही वायरी मी लावल्या, अनिलने टॉर्च धरला, दोन्ही हातांनी. हा माणूस रोज केमिकलच्या टाक्यांपाशी काम करतो.

बटण दाबलं. डिस्क फिरली. आवाज नाही. फोल्डर उघडला. आकडेच आकडे. १२.१५ ते १२.४०, एकतीस फोटो. पाच-पाच करून नव्या एसएसडीवर ओढले. शेवटच्या पाचाला ती एकदा कट म्हणाली. मी थांबले. परत म्हणाली नाही. ते पाचही आले.

मग नव्या जागेवरून पहिला उघडला. अक्का. हातात तबक, खाली निरांजनं, तोंडावर सगळा उजेड. हिरवं लुगडं, कडेला जर. खरंच मॉनिटर चांगला आहे, पिकलेली पापणीसुद्धा दिसत होती.

तात्या पुढे वाकले. मोठा केला. "नको," म्हणाले, "तिला डावीकडे सरकव." सरकवलं. "अजून." सरकवलं. अक्का आता पडद्याच्या पार कडेला, अर्धा पडदा नुसता काळा. तात्यांनी मान त्या काळ्याकडे केली आणि तिच्याकडे न बघता तिला बघायला लागले.

"हां. थांब तिथेच."

 ज्योती रडत होती, आवाज न करता. मग त्यांनी गुहागरला फोन लावायला सांगितला. स्पीकरवर.

"अक्के, तू दिसलीस बघ मला आज. अगदी स्वच्छ. जांभळं नेसली होतीस ना गं?"

मी पडद्याकडे बघितलं. हिरवंगार. ज्योतीनेही बघितलं. माझा हात माउसवर होता, हलवला नाही.

पलीकडे थोडा वेळ नुसती समुद्राची की पंख्याची घरघर. मग म्हातारी म्हणाली, "हो रे. जांभळंच होतं. तुला आवडतं म्हणून नेसले."

ते खाली गेलेत. आत्ता दुपारचे अडीच. डिस्क परत चालू केलीय, दुसरे पाच ओढतेय. साडेतेराशेच्या वर राहिलेत.