स्की न करता आफ्टर-स्की

१० फेब्रुवारी, रेडमंड

पाऊस. नेहमीचाच.

ऑफिसची वार्षिक सहल, म्हणजे ऑफसाइट, जपानला ठरली. टोकियोच्या टीमबरोबर दोन दिवस मीटिंग, मग चार दिवस डोंगरातल्या स्कीच्या गावात. सगळे पोरांसारखे नाचतायत. शंतनूने नवं जॅकेट आजच ऑफिसात घालून दाखवलं. हीटर चालू, हा आत घामाने भिजलेला. वर विचारतो, कसं दिसतं.

माझं लक्ष दुसरीकडे. मॅनेजरची जागा रिकामी आहे. संजीव (आमचा डायरेक्टर, जन्म सिएटलचा, मराठी वरणभातापुरतं) या ट्रिपमध्ये माणूस हेरणार. अकरा वर्षं सीनियर इंजिनियर राहिल्यावर एवढं कळतं. उमेदवार दोन, मी आणि शिवांगी. ती नागपूरची, येऊन चार वर्षं झाली. भर मीटिंगमध्ये 'मला हे समजलं नाही' म्हणते. म्हणजे उमेदवार एकच.

योजना: स्की करायचंच नाही. बर्फावर आपटून कोणी मॅनेजर होत नसतं. खरे निर्णय होतात ते संध्याकाळी, आफ्टर-स्कीमध्ये, म्हणजे स्कीनंतरच्या बिअर-गप्पांत. दिवसभर शक्ती राखायची, संध्याकाळी ताजंतवानं हजर व्हायचं, एक बिअर, दोन गप्पा, काम फत्ते.

नीलांबरी (बायको) म्हणाली, त्यापेक्षा संजीवशी सरळ बोल ना. हिला ऑफिसमधलं राजकारण कधी कळलंच नाही.

१८ फेब्रुवारी, सकाळी ९, स्कीचं गाव

बर्फ छपरापर्यंत. संजीवने दार वाजवून विचारलं, येतोस ना? मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा उत्तम आहे.

खिडकीतून टीम दिसली. त्या बुटांत यांना हॉटेलच्या तीन पायऱ्या उतरता येईनात, आणि हे डोंगर उतरणार.

त्याच दिवशी, रात्री ८

चारपासून लॉबीत होतो. इस्त्रीचा शर्ट. बोलायला तीन विषय तयार.

पाचला सगळे लंगडत आले. संजीव सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला, तोंड उघडं टाकून. पावणेआठला लॉबीत मी आणि माशांची टाकी. याला म्हणे नाइटलाइफ. रेडमंडच्या लायब्ररीत यापेक्षा जास्त हालचाल असते.

१९ फेब्रुवारी, रात्री ८.१५

सकाळी दार वाजलं, पुन्हा गुडघा.

संध्याकाळी सगळे इझाकायात, म्हणजे इथल्या दारूच्या गुत्त्यात. खाली बसायचं, बुटकं टेबल. दोन तास एकच विषय, कोण कसं पडलं. शिवांगीने संजीव झाडात कसा शिरला त्याची नक्कल केली. डायरेक्टरची नक्कल! संपली ती. संजीवच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं, पण आतून नक्की दुखावला असणार.

मी पहिला विषय काढला, पुढच्या वर्षीचा सर्व्हर प्लॅन. सगळे मेनू वाचायला लागले. मेनू जपानीत होता.

२० फेब्रुवारी, दुपारी ३

दार वाजलं. गुडघा.

नवी योजना. गावात ऑन्सेन आहे, गरम झऱ्याचं सार्वजनिक कुंड. संजीव काल पाचला तिथे गेला होता, आजही जाणार. पुरुषांचं कुंड वेगळं. म्हणजे शिवांगीला तिथे प्रवेशच नाही! सगळे कपडे काढावे लागतात, एवढी एकच अडचण. पदासाठी तेही करू.

घरचं तिळाचं तेल बरोबर आहेच. अंगाला तेल न लावता कढत पाण्यात बसणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. दिवाळीच्या पहाटे तेल-उटण्यात वाढलेला माणूस यांनी पाहिलेला नाही.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

संजीव गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून. शेजारी गावातले दोन म्हातारे. भिंतीवर चित्रं होती, आधी धुवा, मग उतरा. धुतलो. मग कोपऱ्यात बसून व्यवस्थित तेल चोळलं. पाठीला हात पोचेना म्हणून एका म्हाताऱ्याला खुणेने विनंती केली. तो उठून गेला.

मी उतरलो. तेलाचा तवंग सावकाश संजीवच्या हनुवटीकडे निघाला. मी विषय काढणार एवढ्यात म्हातारा देखरेखीच्या बाईंना घेऊन आला. बाईंनी पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासमोर तीनदा वाकल्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुंड उपसून घासायचं, उद्या संध्याकाळपर्यंत बंद. बाहेर थकलेल्या स्कीवाल्यांची रांग, प्रत्येकाच्या हातात टॉवेल. मी त्या सगळ्यांसमोरून खोलीवर आलो.

संजीव म्हणाला, इट्स ओके, उल्हास. दोनदा म्हणाला.

लाज वाटली. खूप वाटली.

२१ फेब्रुवारी, सकाळी १०

आज संजीवने दार वाजवलं नाही. माझ्या विश्रांतीचा मान राखतोय. चांगली खूण आहे.

३ मार्च, रेडमंड

शिवांगी मॅनेजर.

आज तिच्याबरोबर पहिली वन-ऑन-वन, म्हणजे दोघांचीच मीटिंग. मी खुर्ची मागे ओढून, हाताची घडी घालून बसलो. तिने सगळं सांगून टाकलं. संजीवने नवशिक्यांच्या वर्गात तीन नावं घातली होती, स्वतःचं, तिचं आणि माझं. त्यालाही स्की येत नाही! डोंगरावर न्यायला तारेवरून जाणारी तिघांची खुर्ची, वर पोचायला बारा मिनिटं. बोलणं तिथे करायचं, असा त्याचा बेत होता. तिन्ही दिवस एक जागा रिकामी गेली. तिसऱ्या दिवशी त्याने तिला विचारलं, उल्हासला हे काम हवंय का? ती म्हणाली, मला माहीत नाही, पण मला हवंय.

मग तिने मला विचारलं, यार उल्हास, तुला हवं होतं का?

मी म्हणालो, छे.

घरी आल्यावर नीलांबरीला सगळा अन्याय तपशीलवार सांगितला. ती कुकरची शिटी होईपर्यंत ऐकत होती. मग तिने विचारलं, अकरा वर्षांत संजीवला एकदा तरी म्हणालास का, की मला मॅनेजर व्हायचंय?

म्हणालो, अशा गोष्टी न सांगता कळायला हव्यात.

आत्ता मागची पानं चाळली. या वहीत 'मला मॅनेजर व्हायचंय' हे चाळीसएक वेळा लिहिलंय. दुसरीकडे कुठेच नाही.