पेरूला दाखवलेला सूर्य

अणदूर

चि. सूनबाई हर्षाली,
तुला आणि तुझ्या कुंडीतल्या पेरूला आशीर्वाद.

सकाळी फोटो आला. कापल्या जागी फुटवा आणि फुटव्याला कळी. मी मोबाइल घेऊन अख्खी गल्ली फिरलो. कॅनडात बाहेर बर्फ आणि घरात आपला पेरू कळीला आलाय, हे लोकांना खरं वाटंना.

त्या दिवशी तू व्हिडिओ कॉल केलास. पेरू खिडकीच्या वर गेलाय, कुठं कापू? म्या म्हणलं, तिथं रात्र हाय, झाड झोपलंय, आता कात्री लावायची न्हाय.

तू म्हणलीस, "कामावरून येते तेव्हा रोज अंधारच असतो. पण तुमच्याकडं उजाडलंय ना? मग झाडाला तिथला सूर्य दाखवा."

तू फोन झाडापुढं टेकवून ठेवलास. मी अंगणात पळालो आणि माझा फोन उगवतीकडं केला. तू झाडाला हात जोडलेस अन् विचारलंस, "अप्पा, आता कापू?"

मी गप्प झालो. रेंज गेली समजून तू हॅलो हॅलो करत बसलीस.

लग्न झाल्यापासून तू मला कधी हाकच मारली नव्हतीस. जे काय विचारायचं ते माझ्या लेकाच्या, सिद्धारामाच्या तोंडून. हे पत्र टाकणार न्हाय, तुझा नवरा वाचून हसंल. पण पोरी, रेंज गेली नव्हती.

तुझा,
अप्पा